शाळेची किल्ली हातात आली की : जिल्हा परिषद शाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिपायाचं पद नसतं. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचा प्राधान्यक्रम भरताना हे कुणी सांगत नाही. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हातात किल्ल्यांचा जुडगा पडतो, त्यातल्या निम्म्या किल्ल्या कुठल्या कुलपाच्या हे गावात कुणालाच ठाऊक नसतं, आणि मग उजेड पडतो. कुलूप आपणच उघडायचं, घंटा आपणच किंवा चौथीतल्या पोरानं द्यायची, संडासात पाणी आहे का तेही आपणच बघायचं.

माझी नोकरी सतरा वर्षांची. तीन शाळा झाल्या, त्यातल्या दोन द्विशिक्षकी. सध्याची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर आहे. पहिली ते चौथी, पट २७, शिक्षक दोन. दरवर्षी केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एखादे नवे सर किंवा मॅडम येतात आणि शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या, दिवशी चहाच्या वेळेला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिते आहे. शिकवावं कसं, हे तुम्ही डी.एड.ला शिकून आलेले आहात. पैसा कमी, माणसं कमी आणि कागद उदंड असलेल्या जागी शिकवायला वेळ कुठून काढायचा, एवढाच माझा विषय. अनुदान निम्मं आलं तरी शाळा कशीबशी चालते, पण सकाळचे दोन तास हातचे गेले की त्या दिवशी शाळा भरलीच नाही, असा माझा हिशेब आहे.

रुजू होण्याआधी

तीन-चार महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला ठेवून या. पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक. प्राथमिकला मानधन महिना १६,००० रुपये. १ जानेवारी २०२३ च्या आधी हेच ६,००० होतं, त्यामुळे जुने लोक तुम्हाला नशीबवान म्हणतील, हसून सोडून द्या. मात्र पगाराच्या शालार्थ प्रणालीत नाव चढून आयडी मिळेपर्यंत हातात एक रुपया येत नाही आणि तो आयडी निघायला वेळ लागतो. खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल आणि झेरॉक्स हे तिन्ही खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतात.

झेरॉक्सवरून आठवलं. मूळ कागदपत्रं, जातवैधता, वैद्यकीय प्रमाणपत्र, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, टीईटीचं म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी, सगळ्याचे पाच संच करून ठेवा. पंचायत समितीत एक, जिल्हा परिषदेत एक, शाळेत एक आणि दोन 'साहेब, ते सापडत नाहीये, परत द्या' यासाठी.

हजर झाल्याच्या रिपोर्टवर तारखेपुढे 'म.पू.' म्हणजे मध्यान्हपूर्व असं आठवणीनं लिहा आणि त्या रिपोर्टची एक प्रत सही-शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा. दहा वर्षांनी सेवापुस्तकातली एखादी नोंद चुकलेली निघते, तेव्हा हाच चिटोरा कामाला येतो.

चार्ज मोजून घ्या, वाचून नव्हे

पटसंख्या १५० च्या आत असलेल्या प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक नसतो. जो ज्येष्ठ, त्याच्याकडे पदभार. तुमच्या जोडीदाराची बदली झाली की सहा महिन्यांची नोकरी झालेले तुम्हीच ज्येष्ठ ठरता. म्हणून चार्ज घेण्याची वेळ कधी येईल याचा भरवसा धरू नका.

आधी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंदवही, बघा. गावातल्या प्रत्येक माणसाची जन्मतारीख आणि जात शेवटी या रजिस्टरशी येऊन थांबते. नव्वदीतला म्हातारा नातवाच्या जातदाखल्यासाठी स्वतःच्या नावाचा उतारा मागायला येतो, तेव्हा त्याच्या मोडी वळणाच्या जुन्या पानाला वाळवी लागलेली असली तर काय करणार? रजिस्टर कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जमिनीपासून उंचावर ठेवा. कुणीही आलं तरी ते शाळेबाहेर जाऊ द्यायचं नाही. खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर फासायचा नाही.

मग डेडस्टॉक, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. यादीत संगणक दोन, प्रत्यक्षात एक आणि तोही कोंबड्या बसल्यासारखा धुळीत, असं हमखास असतं. 'नंतर बघू' म्हणून सही करू नका. जे दिसत नाही त्यापुढे 'प्रत्यक्ष आढळले नाही' असं लिहा आणि मग सही करा. देणाऱ्याला राग येईल. दोन दिवसांत जातो. तांदळाची पोती मात्र वजन करूनच घ्या. पोतं पन्नास किलोचं म्हणून पन्नास किलो भरत नाही.

कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पत्रांचं आवक-जावक, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांचं प्रोसिडिंग आणि भेटीला आलेले साहेब शेरा लिहितात ते शेरेबुक यांची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते चार्ज यादीतच टिपून घ्या. कीर्द कशी लिहायची हे कुठल्याही प्रशिक्षणात नीट शिकवत नाहीत. ते शिकायचं जोडीदार सरांकडून. त्यांनाही सध्या तुमची गरज आहे बरं का. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या, टीईटी न झालेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायची आहे. आमच्या केंद्रात पन्नाशीकडे झुकलेले सर मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवताना दिसतात. तुम्ही त्यांना ते समजावून द्या, ते तुम्हाला कीर्द शिकवतील. इतका चोख व्यवहार नोकरीत पुन्हा मिळायचा नाही.

सकाळचे दोन तास

आमच्या शाळेत मी पहिली-दुसरी घेते, सर तिसरी-चौथी. हे झालं कागदावर. सरांची मीटिंग, प्रशिक्षण, बँक, पोषण आहाराचं काही, असं आठवड्यातून एकदा तरी असतंच, आणि त्या दिवशी चारही वर्ग माझ्याकडे. पहिल्या वर्षी अशा दिवशी मी चारही वर्गांना फळ्यावरचं लिहून घ्यायला लावायचे. पोरं गप्प बसायची, मला वाटायचं शाळा चालली आहे.

आता असं करते. दहा वाजून दहा मिनिटांनी शाळेत पोहोचते. परिपाठाआधीच फळ्याच्या उजव्या अर्ध्यात तिसरी आणि चौथीचं काम लिहून ठेवते. तिसरीला कालच्या धड्यावरचे पाच प्रश्न, जोडीजोडीनं. चौथीला गुणाकाराची सहा उदाहरणं. उत्तरांची चिठ्ठी घडी घालून गटप्रमुखाच्या खिशात. सगळ्यांची सोडवून झाल्याशिवाय ती उघडायची नाही असा नियम आहे आणि पोरं तो माझ्यापेक्षा कडक पाळतात. मग मी चटईवर पहिलीच्या पोरांत बसते ती चाळीस मिनिटं उठत नाही. दुसरी शेजारीच, तिला गिरवायला नाही तर वाचायला काहीतरी दिलेलं असतं. चाळीस मिनिटांनी अदलाबदल.

यासाठी साहित्य लागतं ते बाजारात मिळत नाही आणि त्याला अनुदानही लागत नाही. चिंचोके, ज्वारीच्या ताटाच्या काड्या, रबर बँड, जुन्या कॅलेंडरचे कापलेले आकडे, लग्नपत्रिकांचे मागचे कोरे भाग. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला पोरांनाच लावा, तुम्ही बांधून आणू नका. मागच्या वर्षी पहिलीतल्या एका मुलीनं गठ्ठा हातात घेऊन मला विचारलं, "बाई, ह्यो सोडला तर परत धाच हुतील ना?" तिनं सोडला, मोजल्या, दहाच झाल्या. तिनं पुन्हा बांधला आणि पुन्हा सोडला. वीस मिनिटं तिचा तोच उद्योग चालला होता. पुढे हातच्याची बेरीज तिला मला शिकवावी लागली नाही.

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला चार पानं. महिन्यातून एकदा त्याला शेजारी बसवून वाचून घ्यायचं आणि तारखेसह एकच ओळ लिहायची. अक्षर, शब्द, वाक्य की उतारा, आणि कुठे अडखळला. वाचन-गणिताच्या निपुण अभियानाचे तक्ते, नियतकालिक चाचण्यांचे गुण, साहेबांच्या भेटीतले प्रश्न, सगळ्यांची उत्तरं या वहीतून निघतात. चाचणीच्या गुणांवरून पोरगं कुठे आहे ते मला आजवर कळलेलं नाही, या वहीतून कळतं.

ग्रुपवरचं 'तात्काळ'

'अतितात्काळ. सोबतची लिंक आज दुपारी १२ पर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.'

असे निरोप दिवसाला तीन-चार येतात. पहिल्या वर्षी प्रत्येक निरोपाला हात थरथरतो. मग लक्षात येतं की दहातल्या आठ निरोपांत मागितलेली माहिती तीच असते, रकान्यांचा क्रम तेवढा वेगळा. म्हणून जुलैच्या पहिल्या रविवारी एक मुख्य तक्ता बनवा. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, वर्गवार आणि प्रवर्गवार पट, मुलं-मुली, दिव्यांग, आधार असलेले-नसलेले, खोल्या किती, नादुरुस्त किती, शौचालयं, हँडवॉश स्टेशन, वीजमीटरचा ग्राहक क्रमांक, समितीच्या अध्यक्षांचा मोबाईल, शाळेचे अक्षांश-रेखांश. हा तक्ता मोबाईलमध्ये आणि छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, असा दोन्हीकडे हवा. मग कुठलीही लिंक पाच मिनिटांचं काम होते.

फोनचा माझा नियम असा आहे. परिपाठ झाला की ऑनलाइन हजेरी नोंदवायची आणि फोन कपाटात. मधल्या सुट्टीत बाहेर, सुट्टी संपली की परत कपाटात, शाळा सुटल्यावर उरलेलं. पहिल्यांदा केंद्रप्रमुखांना हे समक्ष भेटून सांगितलं, ग्रुपवर लिहिलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, काही फारच असलं तर मी सरांच्या फोनवर करीन." तेव्हापासून तसा फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वेळा आला असेल.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपायला मनाई आहे. कलम पाठ असू द्या, पण ते तोंडावर फेकून मारायला वापरू नका. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम निवडणुकीत मोडतं, ते टळत नाही. ते आलंच तर लेखी आदेश घ्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घाला आणि घरोघरची फेरी रविवारी काढा. तोंडी आदेशावर शाळेच्या वेळात बाहेर पडलात आणि त्याच दिवशी भेट झाली, तर शेरेबुकात 'शिक्षक गैरहजर' एवढंच येईल. मलाही एकदा आलं आहे. तेव्हापासून कोण कुठे आणि कशासाठी बाहेर गेलं ते लिहायचं हालचाल रजिस्टर टेबलावर उघडंच असतं.

पैसा : किती, कधी आणि कुठल्या वाटेनं

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, त्यापुढे हजारापर्यंत ७५,००० आणि हजाराच्या वर एक लाख. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. आमचा पट २७, म्हणजे वर्षाचे दहा हजार. चार पोरं जास्त असती तर पंचवीस हजार झाले असते. खोल्या तेवढ्याच, संडास तेवढेच, विजेचा मीटर तोच, पण चार पोरांनी अडीचपट फरक पडतो.

आणि हे दहा हजार जूनमध्ये येत नाहीत. एका वर्षी निम्मेच आले, तेही फेब्रुवारीत. पैसे शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत, खात्याला फक्त खर्चाची मर्यादा येते. पीएफएमएस या सरकारी पैशांच्या पोर्टलवर व्हेंडर, म्हणजे ज्याला पैसे द्यायचे तो, नोंदवायचा, पीपीए म्हणजे बँकेला द्यायचा छापील आदेश काढायचा, त्यावर मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष अशा दोघांच्या सह्या, मग बँक. ३१ मार्चला उरलेली मर्यादा परत जाते. अध्यक्ष द्राक्षाच्या बागेत किंवा मुंबईला लेकीकडे असले की तुमचा मार्च संपला. फेब्रुवारीतच त्यांना विचारून ठेवा, "अण्णा, मार्च अखेरीला गावातच आहात ना?"

नव्या माणसाची गोची इथेच होते. प्लंबर रोख मागतो, पैसे तर फक्त खात्यावर जातात. दुसऱ्या वर्षी नळ आणि पाइप बसवायला मी १,८४० रुपये खिशातून दिले. बिल कच्चं होतं, दुकानाचं नाव नव्हतं. ते पैसे गेले ते गेले. आता कामाला हात लावण्याआधीच कारागिराकडे पासबुकाची झेरॉक्स मागते. देत नसेल तर दुसरा बघते. बिल पक्कं, तारखेचं, त्या आधीच्या तारखेचा समितीचा ठराव, ठरावात सूचक-अनुमोदक, आणि कीर्दीत त्याच दिवशी नोंद. महिन्याची कीर्द एकदम लिहायला बसलात की एक तरी पावती गायब असते.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी वीजबिल, कारण एकदा मीटर काढून नेला की जोडणी परत मिळवायला वर्ष जातं. मग पाणी आणि मुलींचं शौचालय. मग झेरॉक्स, खडू, फिनेल, झाडू. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. भिंतीवरचा रेल्वेचा डबा फोटोत छान दिसतो, पण मुली दुपारी घरी निघून जातात त्या संडासाला कडी नाही म्हणून.

दहा हजारांत जे बसत नाही त्यासाठी गाव आहे. गावाकडे पैसे मागू नका, वस्तू मागा, आणि नेमकी मागा. 'शाळेला मदत करा' म्हटलं की सगळे मान डोलावतात. 'दोन नंबरच्या खोलीची सात कौलं फुटलीत' म्हटलं की कुणीतरी संध्याकाळी सात कौलं घेऊन येतो. दिलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉकला करा आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर नाव घेऊन आभार माना. नाव घ्यायचं राहिलं तर पुढच्या वर्षी मागायला जाऊ नका.

मोठ्या कामासाठी ग्रामपंचायत. तिच्या विकास आराखड्यात शाळेचं काम धरलेलं असेल तरच वित्त आयोगाच्या निधीतून खर्च टाकता येतो, आणि आराखडा बनतो तेव्हा शाळेतलं कुणी तिथे नसतं. मी दिवाळीच्या आधी सरपंचांकडे गेले होते.

"सरपंच, आराखड्यात शाळेचं काय धरलंय?"

"बाई, तुमी कागदच दिला न्हाई. कागद द्या, धरतो की."

एका पानाचा अर्ज दिला. संरक्षक भिंत झाली नाही, पण पाण्याची टाकी आणि नळ झाले. आठ वर्षं ज्यासाठी आम्ही वरच्या ऑफिसला लिहीत होतो ते काम शेजारच्या इमारतीत होतं.

गणवेशाबद्दल एवढंच सांगते. २०२४-२५ ला ते राज्यस्तरावरून एकत्र आले, उशिरा आले आणि मापं चुकली. पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. मापं स्वतः टेप लावून घ्या, इयत्तेवरून अंदाज करू नका.

खिचडी

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. आज २४ पोरं हजर, म्हणजे दोन किलो चारशे ग्रॅम. वजनकाट्यावर मोजायचे, डब्यानं नाही. डब्यानं मोजलेला तांदूळ वर्षअखेरीला दोन पोती कमी किंवा जास्त निघतो आणि दोन्ही वेळा संशय तुमच्यावरच. अॅपवर रोजची संख्या भरताना हजेरीपत्रक समोर ठेवा. चव रजिस्टरला शिक्षक, मावशी आणि एखादा पालक यांच्या सह्या, आणि सही करण्याआधी खरंच चव घ्या. एकदा हळदीच्या जागी दुसरंच काही पडलं होतं, ते त्या एका घासामुळे कळलं.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींना महिना अडीच हजार, तेही उशिरा. गॅसचे आणि भाजीपाल्याचे पैसे मागाहून येतात, तोवर गावातल्या दुकानात शाळेची उधारी चालते. ती उधारी दुकानदाराच्या वहीवर न सोडता आपल्याही वहीत दोघांच्या सहीनं लिहा. मावशींशी चढ्या आवाजात बोलू नका. त्या गेल्या तर अडीच हजारांत दुसरी बाई मिळत नाही.

अंड्याचं असं झालं. २०२३ च्या अखेरीपासून आठवड्यातून एक अंडं मिळू लागलं, न खाणाऱ्यांना केळं. शुक्रवारची उपस्थिती पूर्ण व्हायची. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि समितीनं लोकसहभागातून बघावं असं सांगितलं. समितीच्या बैठकीत एका आईनंच तोड काढली. पोराच्या वाढदिवसाला केक आणायचा नाही, अंड्यांचा ट्रे आणायचा. ट्रेमध्ये ३०, पट २७, उरलेल्या तिनांत मावशी आणि आम्ही दोघं. दर आठवड्याला कुणाचा वाढदिवस नसतो, त्यामुळे महिन्यातून दोनदा होतं.

३० सप्टेंबर

या तारखेच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं ते ठरतं, आणि मोजला जातो तो आधार वैध असलेला पट. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात प्राथमिकला ६० पर्यंत दोन शिक्षक आहेत. छोट्या शाळांचे निकष मात्र सारखे हलत असतात. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाचा फटका सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांना सगळ्यात जास्त बसला. तुमचं पद राहतं की तुम्ही अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात समायोजनाला जाता, हे आधारवर एखाद्या पोराच्या नावाला वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ यावर अडू शकतं.

म्हणून जुलैतच यादी तपासा. नाव, जन्मतारीख, लिंग, तिन्ही जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर जनरल रजिस्टर आधारप्रमाणे बदलण्याचा मोह टाळा. रजिस्टर बरोबर असेल तर आधार दुरुस्त करायला पालकांना पाठवा, शक्यतो पाच-सहा जणांना मिळून एकाच दिवशी, एका जीपमधून. मजुरी बुडते म्हणून एकटा माणूस जात नाही.

पट फुगवून दाखवू नका. खोटा पट शोधायला राज्यभर झालेली ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी पाहिलेल्या सरांना विचारा, ते तारखांसह सांगतील. पट वाढवायचा तर एप्रिल-मे महिन्यात अंगणवाडीतून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या घरी जावं लागतं. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वाडीच्या फाट्यावर येते. तिच्याशी भांडून उपयोग नाही. आमच्या दुसरीतल्या पोराला त्या घरी नेऊन वर्तमानपत्र वाचायला लावते. आईबाप गप्प होऊन ऐकतात. दोन घरं तरी दरवर्षी वळतात.

नोव्हेंबरात शाळेच्या मागच्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. बीडकडची पोरं असतात, काही नंदुरबारची. दाखला नाही म्हणून त्यांना परत पाठवायचं नाही. कायद्यानं वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड असेल तर ते बघा, नसेल तर त्यांच्या गावच्या शाळेला फोन लावा. पट ३० सप्टेंबरला मोजून झालेला असतो, त्यामुळे ही पोरं तुमच्या संचमान्यतेत धरली जात नाहीत. खिचडीत मात्र धरायची असतात, तेवढा तांदूळ आधीच मागून ठेवा. पावरी ही नंदुरबारकडची आदिवासी भाषा बोलणाऱ्या पोराशी बोलायला पहिल्या आठवड्यात पाणी, भूक, शू, आई, इकडे ये एवढे शब्द त्याच्याकडूनच शिका. तो शिक्षक झालेला बघून बाकीची पोरं त्याच्याशी खेळायला लागतात.

पत्र आणि पोच

तीन नंबरच्या खोलीच्या भिंतीला भेग होती. माझ्या दुसऱ्या शाळेतली गोष्ट. मी भेट देणाऱ्या प्रत्येक साहेबांना ती दाखवली, सगळे म्हणाले, "बघू, प्रस्ताव करा." मी त्या खोलीत वर्ग भरवणं बंद केलं आणि स्वतःवर खूश झाले. जुलैतल्या एका रविवारी पावसात ती भिंत पडली. आत कुणी नव्हतं. सोमवारी चौकशीला माणसं आली, पहिला प्रश्न, "तुम्ही कळवलं होतं का?" मी म्हटलं, सांगितलं होतं. "कागद दाखवा." कागद नव्हता.

खोली धोकादायक वाटली की त्याच आठवड्यात निर्लेखनाचा, म्हणजे ती रीतसर बाद करून पाडण्याचा, प्रस्ताव करा. समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, आणि पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाकडून पाहणीची मागणी. जावक क्रमांक टाका. दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या आणि ती फाईलला लावा. दोन महिन्यांनी स्मरणपत्र, त्याचीही पोच. नवी खोली केव्हा मिळेल हे तुमच्या हातात नाही. तोवर त्या खोलीला कुलूप, दारावर लाल अक्षरात 'धोकादायक, प्रवेश बंद', आणि चौथीच्या पोरांना ताकीद, कारण चेंडू नेमका तिकडेच जातो.

मे महिन्याची सुट्टी लागण्याआधी

उरलेला तांदूळ मोजून शिल्लक नोंदवा, पोत्यांखाली विटा ठेवून त्यावर फळी टाका. काड्यांचे गठ्ठे आणि चिंचोके डब्यात, नाहीतर उंदीर. मेन स्विच बंद. नळाची तोटी बंद. पुढच्या पहिलीच्या यादीतली नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या, जूनमध्ये आठवत नाहीत. टीव्ही किंवा टॅब असतील तर समितीच्या ठरावानं गावात सुरक्षित जागी ठेवा, शाळेत ठेवू नका. सुट्टीत शाळेची कौलं काढून आत उतरणारे कुणी अनोळखी नसतात, ते आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांपैकी निघतात.

किल्ल्यांच्या जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीला चिकटपट्टी लावून नाव लिहा. एक संच तुमच्याकडे, एक जोडीदाराकडे, आणि पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस येणार असेल तर एक अध्यक्षांकडे. कुणाकडे दिली ते तारीख घालून रजिस्टरला लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या.